हाफ मॅरेथॉनसाठी गटात सराव करावा का? आधी त्या गटातला शेवटचा धावपटू पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्या ४२ वर्षांच्या आहेत, कोथरूडला राहतात, नोकरी करतात आणि गेले वर्षभर एकट्याच धावतात. १० किलोमीटर त्यांना सव्वा तास लागतो. सप्टेंबरमध्ये होणाऱ्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी त्यांनी नाव नोंदवले आहे, आणि जूनपासून सुरू होणाऱ्या सोळा आठवड्यांच्या एका गट-प्रशिक्षणाविषयी त्यांना सहकाऱ्याकडून कळले आहे. मोबाइलवर वेळापत्रक फुकट मिळत असताना त्यासाठी पैसे भरावेत का, गटात आपण सर्वांत मागे पडून इतरांचा खोळंबा करू का, आणि यापूर्वी सराव वाढवताना दोनदा नडगी दुखून थांबावे लागले तसे पुन्हा होईल का, असे त्यांनी विचारले आहे.

मी पुण्यात हौशी धावपटूंना गटाने प्रशिक्षण देते. त्यामुळे ‘गटात या’ असे सांगण्यात माझा स्वार्थ आहे, हे लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे.

तुमच्या तीन प्रश्नांपेक्षा मला तुमचे एक वाक्य महत्त्वाचे वाटले. तुम्ही लिहिले आहे, ‘रोज थोडे जोरातच धावते, नाहीतर धावल्यासारखे वाटत नाही.’ दोन्ही वेळा नडगी पाचव्या-सहाव्या आठवड्यात दुखू लागली, हेही तुम्हीच सांगितले आहे. ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की तुमची अडचण वेळापत्रकाची नाही, हे दिसते. वेळापत्रक तुमच्याजवळ तेव्हाही होते आणि त्यात ‘सावकाश धावा’ असे बहुधा लिहिलेलेही होते. पण तुम्ही सावकाश धावत नाही हे पाहणारे आणि सांगणारे कोणी नव्हते. म्हणून खरा प्रश्न असा आहे की हा गट तुम्हाला योग्य दिवशी आवरेल, की आणखी पळवेल. दोन्ही प्रकारचे गट पुण्यात आहेत आणि बाहेरून ते सारखेच दिसतात: तेच रंगीत टी-शर्ट, तीच पहाटे सव्वापाचची वेळ, शेवटी तेच पोहे आणि चहा.

गट माणसाला कसा पळवतो, हे आधी सांगते. समजा साठ जण एकत्र निघाले. पहिले दोन-तीन किलोमीटर गप्पांचे असतात, अंगात ताकद असते, हवा गार असते. साठ जणांतील बहुसंख्य किलोमीटरला पावणेसात मिनिटांच्या वेगाने जात असतील, तर साडेसात मिनिटांवाली व्यक्ती नकळत त्यांच्याबरोबर खेचली जाते. आणि मागे पडण्याची भीती मनात असेल, जशी तुमच्या आहे, तर ती ओढ दुप्पट होते. ही केवळ माझी समजूत नाही. ओटो क्योलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात बर्लिनमधील नौकानयन क्लबच्या सदस्यांवर वजन उचलण्याचे प्रयोग केले. जोडीने उचलताना त्यातील दुबळा गडी एकट्याने उचलतो त्यापेक्षा जास्त वेळ टिकतो, असे त्याला आढळले. त्या प्रयोगातला अधिक उपयोगाचा भाग पुढे आहे: दोघांच्या ताकदीत मध्यम फरक असेल तेव्हा हा परिणाम सर्वांत जास्त दिसला, फरक फार असेल किंवा अगदीच नसेल तर तो ओसरला. म्हणजे सोबतीने माणूस जास्त टिकतो हे खरे, पण सोबत आपल्या आसपासच्या माणसाची हवी. साठ जणांच्या गटात तुमच्या वेगाचे चौघे-पाच जण आहेत का, एवढेच तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे. उरलेले पंचावन्न कितीही जोरात पळोत.

तुम्ही १० किलोमीटर ७५ मिनिटांत धावता, म्हणजे किलोमीटरला साडेसात मिनिटे. हा तुमचा जवळजवळ शर्यतीचा वेग आहे. तुमची आठवड्यातील बहुतेक धाव किलोमीटरला सव्वाआठ ते नऊ मिनिटांच्या दरम्यान असायला हवी. घड्याळावर विश्वास नसेल तर धावताना बाराचा पाढा मोठ्याने म्हणून पाहा. प्रत्येक ओळ एका दमात आणि मध्ये धाप न लागता म्हणता आली तर वेग ठीक आहे. ‘बारा पंचे’नंतर श्वास घ्यावा लागला तर तो दिवस सावकाश धावण्याचा राहिलेला नाही. कोथरूडजवळच्या एआरएआय टेकडीच्या रस्त्यावर चढाला लागताच आमच्या बॅचमधील नव्या लोकांना मी हेच करायला लावते. पहिल्या आठवड्यात सगळे लाजतात, तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी आपणहून अठराचा पाढा सुरू करतो आणि तो चुकल्यामुळे जास्त दमतो. हसण्यावारी नेण्यासारखे हे आहे, पण बोलता येईल इतक्याच वेगाने धावण्याची कसोटी प्रशिक्षणात फार जुनी आहे.

ती कसोटी रुळली त्या काळातील एक प्रसंग तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्या प्रेरणेने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑकलंडमध्ये सामान्य, मध्यमवयीन माणसांचा सावकाश धावण्याचा क्लब सुरू झाला होता. अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठाचे नामवंत प्रशिक्षक बिल बॉवरमन १९६२च्या अखेरीस तिथे गेले असता लिडियार्ड यांनी त्यांना रविवारच्या धावेला नेले. बॉवरमन तेव्हा ५१ वर्षांचे होते आणि स्वतःला तंदुरुस्त समजत होते. थोड्याच वेळात ते मागे पडले. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ त्यांच्यासाठी मागे थांबले आणि बोलत बोलत त्यांना शेवटपर्यंत घेऊन आले. बॉवरमन मायदेशी परतले आणि १९६३मध्ये त्यांनी आपल्या गावी, यूजीनमध्ये, सामान्य नागरिकांसाठी असेच वर्ग सुरू केले. अमेरिकेतील जॉगिंगच्या लाटेची सुरुवात बरीचशी तिथून झाली. पुढे नायकीचे सहसंस्थापक म्हणून जगाला माहीत झालेला हा माणूस त्या रविवारी गटातला शेवटचा होता, आणि त्याच्यासाठी थांबणारे कोणीतरी तिथे होते.

म्हणून ‘मी मागे पडेन का’ याचे सरळ उत्तर असे: सुरुवातीला बहुधा पडाल, आणि त्यात काही बिघडत नाही, मागे पडणाऱ्याची व्यवस्था नसलेल्या गटात मात्र जाऊ नका. माझ्या मते कोणत्याही गटाची परीक्षा त्याच्या पहिल्या धावपटूवरून करू नये, शेवटच्यावरून करावी. भिंतीवर लावलेली पदके आणि समाजमाध्यमांवरची छायाचित्रे पुढच्या दहा जणांची असतात. ते दहा जण कोणत्याही गटात, किंबहुना गटाशिवायही, धावलेच असते.

ही परीक्षा करायला पैसे लागत नाहीत. ज्या गटाचा विचार करता आहात, त्याची लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सर्वांत लांब धाव, रविवारी कुठे संपते ते विचारा आणि धावायचे नाही असे ठरवून तिथे सव्वासातला जाऊन उभ्या राहा. पुढचे धावपटू येतील, ताणाचे व्यायाम करतील, छायाचित्रे काढतील. तिकडे फारसे लक्ष देऊ नका. पाण्याच्या टेबलाकडे पाहा. आठ वाजत आले की टेबलावर काय उरले आहे? वीस लिटरचा जार तिरका करून तळातले पाणी काढावे लागते आहे का, संत्र्यांच्या फोडींच्या ताटात नुसत्या साली आहेत का, की शेवटच्या पाच जणांसाठी कोणी बाजूला झाकून ठेवले आहे? नावांची यादी हातात घेऊन ‘अजून तिघे यायचे आहेत’ असे म्हणणारे कोणी आहे का? आणि शेवटची व्यक्ती येते तेव्हा ती एकटी येते, की तिच्याबरोबर मुद्दाम मागे ठेवलेला अनुभवी धावपटू असतो? अनेक गटांत याला स्वीपर म्हणतात. मुख्य कोच तोवर घरी गेलेले असतील, तर त्या गटाचे वेळापत्रक कितीही शास्त्रशुद्ध असो, ते तुमच्यासाठी बनवलेले नाही.

पाण्यावरून आणखी एक गोष्ट पाहून घ्या. ‘तहान असो वा नसो, प्रत्येक टेबलावर दोन ग्लास प्या’ असे सांगणारे लोक अजूनही भेटतात. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ज्या ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले, त्यांतील १३ टक्के जणांचे सोडियम प्रमाणापेक्षा कमी आढळले होते, त्यांपैकी तिघांचे तर धोकादायक इतके कमी. धावताना वजन वाढलेल्या, म्हणजे गरजेपेक्षा जास्त प्यालेल्या आणि चार तासांहून अधिक वेळ रस्त्यावर असलेल्या धावपटूंमध्ये ते प्रमाण अधिक होते. सावकाश धावणाऱ्यांच्या वाट्याला पाण्याची टेबलेही जास्त वेळा आणि निवांतपणे येतात. तहानेप्रमाणे प्यावे, लांब धावेत चिमूटभर मिठाचे सरबत असावे, एवढे पुरते.

त्याच सकाळी कोचशी पाच मिनिटे बोला. एका कोचमागे किती धावपटू आहेत, दोन आठवडे चुकले तर वेळापत्रक कसे बदलता, आणि आठवड्यातील इतर दिवशी मी एकटी धावले तर ते कोण पाहते, हे विचारा. शेवटी विचारा की गेल्या बॅचमधील किती जणांना दुखापतीमुळे सराव थांबवावा लागला. ‘कोणालाच नाही’ असे उत्तर आले तर सावध व्हा. नेदरलँड्समधील ग्रोनिंगनच्या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवशिक्या धावपटूंचे दोन गट केले होते. एकाला आठ आठवड्यांचा नेहमीचा कार्यक्रम दिला, दुसऱ्याला तेरा आठवड्यांचा, आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपास वाढणारा. दोन्ही गटांत दुखापतीचे प्रमाण जवळजवळ सारखेच, सुमारे पाचांत एक, निघाले. ‘आठवड्याला दहा टक्के’ हा नियम आम्ही सगळेच वापरतो, मीही वापरते, कारण काहीतरी मर्यादा हवी. पण तो पाळला की दुखापत होत नाही असे नाही. त्यामुळे दुखापती होतात हे मान्य करून, झाल्यावर आपण काय करतो हे सांगणारा कोच मला अधिक विश्वासाचा वाटतो.

आता नडगीविषयी. यातील बरेचसे तुमच्या बाबतीत नेमके काय झाले होते यावर अवलंबून आहे, आणि ते मला इथून दिसत नाही. एक ढोबळ तपासणी मात्र तुम्ही स्वतः करू शकता. खुर्चीत बसून नडगीच्या हाडाच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत घोट्यापासून वर न्या. दुखरा भाग चार-पाच बोटे लांब पसरलेला असेल, धावायला लागल्यावर दुखून अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर तो बहुधा हाडाच्या कडेवर वाढलेल्या ताणाचा प्रकार आहे आणि भार कमी केल्यावर तो आवाक्यात येतो. पण एका बोटाने झाकता येईल अशा एकाच जागी कळ येत असेल, रात्री झोपेत किंवा साधे चालतानाही दुखत असेल, किंवा त्याच पायावर एक उडी मारवत नसेल, तर हाडाला सूक्ष्म तडा गेल्याची शंका घ्यावी लागते. अशा वेळी गट, कोच, वेळापत्रक सगळे बाजूला ठेवून आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. त्यांना पूर्वी दोनदा असेच झाल्याचे, पाळी अनियमित असल्यास तेही आणि आहाराविषयीही मोकळेपणाने सांगावे. हाडांच्या बाबतीत या गोष्टी महत्त्वाच्या ठरतात.

पहिल्या प्रकारचे दुखणे असेल तर जूनची वाट न पाहता आजपासून पोटऱ्यांची ताकद वाढवायला घ्या. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा सावकाश वर-खाली करणे, आधी गुडघे सरळ ठेवून आणि मग किंचित वाकवून, आठवड्यातून तीनदा. दोन्ही पायांवर सहज जमू लागले की एका पायावर. चांगल्या गटात असे ताकदीचे सत्र आठवड्यातून एकदा तरी असते. लोक नेमके तेच चुकवतात, कारण त्यात अंतर मोजले जात नाही.

तुमच्या वयाविषयीही दोन शब्द. चाळिशीनंतर, आणि विशेषतः घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर सराव वाढवण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. तपासण्या कोणत्या करायच्या ते त्यांनी ठरवावे. नाव नोंदवताना प्रकृतीविषयी एकही प्रश्न न विचारता फक्त टी-शर्टचे माप विचारणारा गट मी तरी टाळेन.

यानंतरचा मुद्दा तुमच्या प्रश्नात नव्हता, पण निर्णय त्यावर बराच अवलंबून आहे. तुम्ही निवडलेली शर्यत सपाट रस्त्यावरची नाही. मुंबईची हाफ मॅरेथॉन आणि साताऱ्याची यांचे अंतर कागदावर एकच, २१.१ किलोमीटर, पण साताऱ्यात शहर सोडल्यावर यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने वर जायचे आणि त्याच वाटेने उतरून परत यायचे असते. तुमच्या वेगाने सपाटीवर सुमारे दोन तास अडतीस मिनिटे लागतील असा हिशेब निघतो, पण तोही शेवटपर्यंत तोच वेग टिकला तर. साताऱ्यात तीन तास किंवा थोडे अधिक धरून चालावे, आणि अंतिम वेळेची मर्यादा आयोजकांच्या त्या वर्षीच्या सूचनांत पाहून ठेवावी. ज्या गटाचा कार्यक्रम सपाट शर्यतीसाठी आहे, तो चांगला असला तरी तुम्हाला अपुरा पडेल.

घाटाच्या तयारीत लोक चढाचाच विचार करतात. चढ हा मुख्यतः दमसासाचा प्रश्न आहे आणि त्याला सोपा उपाय आहे: धाप लागायच्या आधीच चालायला लागा. दोन मिनिटे धावणे आणि एक मिनिट झपाझप चालणे असा क्रम पहिल्यापासून ठेवणारे लोक, अर्ध्या घाटात दम तुटून चालू लागलेल्यांच्या पुढे जातात, हे दरवर्षी दिसते. १९७२च्या ऑलिंपिकमध्ये धावलेले जेफ गॅलोवे यांनी हीच पद्धत जगभर लोकप्रिय केली, त्यामुळे तिच्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. कोच चालायला परवानगी देत नसतील तर तो गट तुमचा नाही.

खरी गाठ उताराशी असते. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात, आणि या प्रकारच्या कामाने त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होऊन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरणेही नकोसे होते. स्नायू हे झपाट्याने शिकतात, ही त्यातली चांगली बाजू. एकदा बेताने उताराचा सराव केला की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने होणारी इजा बरीच कमी होते. पण त्यासाठी उतारावर धावायला तर हवे! सिंहगडाच्या घाटात रविवारी पहाटे पाहाल तर अनेक गट मोठ्या उत्साहाने गोळेवाडीपासून वर चढतात, वर पिठलं-भाकरी होते, आणि खाली जीपने येतात. चढाचा सराव म्हणून ते ठीक आहे, साताऱ्याची तयारी म्हणून अर्धवट आहे. तुमची नडगी नाजूक असल्याने उतार तुम्हाला फार हळू वाढवावा लागेल: पहिल्या पाच-सहा आठवड्यांत उतार चालतच उतरा, मग एक-दीड किलोमीटर लहान पावले टाकत, पाय शरीराच्या फार पुढे न टाकता धावा, आणि दर दुसऱ्या आठवड्याला थोडे वाढवा. हे ज्याच्या लेखी वेळापत्रकात आहे, असा गट सापडला तर पैसे भरायला हरकत नाही.

सराव जून ते सप्टेंबर, म्हणजे भर पावसातला आहे. बोपदेव घाट असो वा सिंहगड, दरड कोसळून रस्ता बंद होण्याची शक्यता असते आणि शेवाळलेल्या कडेवरून पाय घसरतो. रद्द करायचे कधी आणि पर्यायी रस्ता कोणता, हे गटाने आधी ठरवलेले असावे. तुम्ही मोज्यांचे दोन जोड आणि ओल्या बुटांत कोंबायला जुनी वर्तमानपत्रे ठेवलीत की तुमच्या बाजूची तयारी झाली. पहाटेच्या अंधारात एकट्या स्त्रीने टेकडीवर किंवा घाटात धावण्यापेक्षा गटाबरोबर जाणे केव्हाही बरे, आणि तुमच्यासारख्या अनेकजणींसाठी गटाचे पैसे एवढ्या एका कारणानेही वसूल होतात. वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे, हे विचारायला संकोचू नका. चांगल्या गटातील बायकांनी ते आधीच शोधून ठेवलेले असते.

शुल्काविषयी फार लिहीत नाही. पुण्यात विनामूल्य धावणारे गट आहेत आणि भरपूर पैसे घेणारेही आहेत. शुल्कावरून दर्जा कळत नाही. शर्यतीची प्रवेश फी त्यात धरली आहे का आणि दुखापत झाल्यास उरलेले आठवडे पुढच्या बॅचला जोडून देतात का, एवढे लेखी घ्या.

आतापर्यंतच्या सगळ्याचा तुमच्यापुरता निष्कर्ष असा. तुमच्या वेगाचे चार-पाच जण, शेवटच्यासाठी थांबणारा माणूस आणि उताराचा सराव या तीन गोष्टी असतील तर गटात जा. यांपैकी उताराची एकच गोष्ट कमी असेल तर ती स्वतः भरून काढता येते. शेवटच्या माणसाची व्यवस्था नसेल तर जाऊ नका.

मधला मार्गही आहे आणि माझ्याकडे नोकरी-घर सांभाळणाऱ्या अनेकजणी तोच निवडतात. फक्त रविवार गटाबरोबर आणि आठवड्यातील दोन दिवस घराजवळ एकट्याने. तुमच्या बाबतीत मी सुरुवातीला मंगळवारी आणि गुरुवारी प्रत्येकी ३५ ते ४० मिनिटे पाढा म्हणता येईल इतक्या सावकाश धावायला, शनिवारी पूर्ण विश्रांती घ्यायला आणि रविवारी ८ ते ९ किलोमीटर धावायला सांगेन. रविवारचे अंतर सावकाश वाढवत, पण दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करत, शर्यतीच्या तीन आठवडे आधी १६ ते १८ किलोमीटरपर्यंत न्यावे. घाटातल्या रविवारी किलोमीटर न मोजता वेळ मोजावा. पहिल्या सहा आठवड्यांत वेगाचे, म्हणजे इंटरव्हलचे, एकही सत्र करू नये. गटातले बाकीचे लोक बुधवारी ट्रॅकवर चारशे मीटर पळत असतील आणि त्याची छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपवर येतील, तेव्हा हे अवघड जाईल. पण तुमची नडगी दोन्ही वेळा नेमकी याच काळात दुखली होती. त्या सत्राला जायचेच असेल तर पाण्याच्या टेबलावर मदतीला उभ्या राहा, कारण ओळखी तिथे चांगल्या होतात.

शेवटची सूचना नाव नोंदवण्याच्या दिवसाची. अर्जात ‘पूर्वीच्या दुखापती’ असा रकाना असेल तर त्यात ‘काही नाही’ लिहू नका आणि रकाना नसेल तर कोचना वेगळा निरोप पाठवा. दोनदा नडगी दुखली, दोन्ही वेळा पाचव्या-सहाव्या आठवड्यात, आणि मी सवयीने जोरात धावते, ही तीन वाक्ये पुरेत. त्यावर कोचनी काही विचारले, निदान दुखणे कोणत्या पायाला आणि नेमके कुठे होते एवढे तरी विचारले, तर पैसे भरा. नुसता अंगठा किंवा ‘वेलकम टू द फॅमिली’ असे उत्तर आले, तर पुढच्या रविवारी दुसऱ्या गटाच्या पाण्याच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहा. जून सुरू व्हायला अजून अवकाश आहे.